नर्मदाबाईच्या बारीचं पाणी

पेडगावचा रस्ता सोडून आमच्या गावाकडं वळलं की डाव्या हाताला आधी ऊस लागतो. ऊस संपतो तिथं विहीर आहे, आणि विहिरीच्या पलीकडं एकदम करडीचं कोरडं रान सुरू होतं. नवखा माणूस हमखास विचारतो, विहीर एवढी उशाशी असून हे रान तहानलेलं कसं? गावातलं कुणी उत्तर देत नाही. ऊन फार झालं, चहा घ्या, असं काहीतरी बोलून विषय मोडतात. पण गोष्ट आहे, आणि ती सावकाश सांगण्यासारखी आहे.

ऊस गोविंदरावांचा. करडीचं रान नर्मदाबाईचं. गोविंदराव तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. विहीर दोघा भावांच्या बापानं खोदली, काळ्या खडकाला सुरुंग लावून. मरताना त्यानं जमीन वाटून दिली, पण विहीर वाटता येत नाही. म्हणून पाण्याची बारी लावून दिली. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. मोटार एकच, सामायिक. आणि तिच्यासाठी म्हाताऱ्यानं एक नियम घालून दिला: ज्याच्या बारीत मोटार जळेल, त्यानं पदरचे पैसे घालून तिची जळकी तार बदलून, भरून आणायची, आणि त्या हंगामात त्याची बारी अर्धी. भाऊ भांडू नयेत म्हणून घातलेला नियम होता. भाऊ भांडले नाहीत. धाकटा एका पावसाळ्यात काविळीनं गेला आणि नियम नर्मदाबाईच्या वाट्याला आला.

नर्मदाबाई उंच बाई. चालताना खांदे मागं, मान वर. बायका म्हणायच्या, ही पाण्याची घागर न घेताही डोक्यावर घागर असल्यासारखी चालते. जीभ फटकळ, पण कामाला वाघीण. लेक एकच, माधवी, वालूरला दिलेली. नवऱ्याचं सुतक फिटलं आणि गोविंदराव तिच्या ओसरीवर येऊन बसले. हातात सुपारी कातरीत म्हणाले,

"नर्मदे, वावर बटईनं मला दे. निम्मं तुला घरबसल्या मिळंल. बाईमाणसानं कुठं मोटारी न् पाण्याचे दंड सांभाळावेत?"

नर्मदाबाईनं पदर सावरला. "भाऊजी, ते गेलेत. माझे हात न्हाई गेले."

गोविंदरावांनी सुपारी तोंडात टाकली आणि उठले. ते वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. भावाच्या तिरडीला त्यांनीच खांदा दिला होता, आणि भावजयीच्या घरात जोंधळ्याची पोती त्यांनीच टाकली होती. पण वावराकडं बघताना माणसाची नजर निराळी होते, आणि ती निराळी झाल्याचं त्याला स्वतःला कळत नाही.

पुढच्या साली नर्मदाबाईनं हळद लावली. हळदीला धीर लागतो आणि पाणी लागतं. जेठात लावलेली हळद माघापर्यंत जमिनीत राहते. पाऊस असेतो ठीक, पण पाऊस गेला की तिला बारी चुकवून चालत नाही. गावात एकीनं टोमणा मारलाच, "कुंकू पुसलेली बाई हळद लावायली." नर्मदाबाई म्हणाली, "अंगाला न्हाई लावत बाई, वावराला लावायले."

दिवाळीपर्यंत हळद कमरेला लागली. रुंद हिरवी पानं, वारा आला की एकमेकांवर घासून रेशमी लुगड्यासारखी वाजायची. नर्मदाबाई बांधावर उभी राहून तो आवाज ऐकत राहायची. तिचा सारा हट्ट त्या पानांत उभा होता. हळद साधली तर वावर तिच्या हातात राहणार होतं, आणि वाळली तर गोविंदराव पुन्हा सुपारी कातरीत ओसरीवर बसणार होते. हे तिला माहीत होतं, गोविंदरावांना माहीत होतं आणि गावालाही माहीत होतं.

आणि दिवाळीनंतर मोटार बंद पडायला लागली.

बंद पडायची ती फक्त नर्मदाबाईच्या बारीला.

विहिरीच्या काठाला पत्र्याच्या खोपटात मोटार होती आणि तिचा ष्टार्टर बसवलेला होता. लोखंडी पेटी, वर हिरवं बटण चालू करायला, लाल बटण बंद करायला. आधीची मोटार जळाल्यावर ही नवी पेटी बसवली होती. तिच्यात एक रिले असते. मोटारीवर ताण आला, तिनं पेलवतं त्यापेक्षा जास्त करंट ओढला, की रिले तापते आणि आपोआप मोटार तोडते. मोटार जळू नये म्हणून. गार झाली की पुन्हा बटण दाबायचं. दुपारी शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, लाईट मंदावतो, आणि मोटार धापा टाकायला लागते. तेव्हा रिले तोडणारच. तिचं कामच ते.

पण नर्मदाबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच दिसायचं की कालच्या दिवशी गोविंदरावांच्या उसाला मोटार सकाळपासून लाईट जाईपर्यंत एका सुरात चालते, आणि आज तिनं हिरवं बटण दाबलं की दंडात पाणी येतं, वाफ्यात शिरतं न शिरतं तोच खट्ट. पाणी दंडातल्या दंडात जिरून जायचं. पुन्हा बटण, पुन्हा खट्ट. दिवस बुडायचा आणि हळदीच्या शेवटच्या सऱ्या कोरड्याच राहायच्या. तिथली पानं दुपारी सुरळी करून उभी राहायची.

थोरली जाऊ प्रभावती एकदा काठावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "नर्मदे, राग मानू नकोस. पन हाताला यश लागतं. आमच्या बारीला कशी चालती?"

"अक्का, लोखंडाला काय कळतंय कुनाचा हात?"

"लोखंडाला न्हाई कळत. पान्याला कळतंय."

नर्मदाबाई त्या वेळी हसली. पण माणूस किती दिवस हसणार? आठवड्यामागून आठवडा तेच. एक दिवस तिनं मान खाली घातली आणि जावेच्या दारात गेली. "अक्का, आज बटन तुमी दाबा."

प्रभावती आली. हातात हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. तिनं बटण दाबलं, मोटार सुरू झाली, पाणी उसळलं. सकाळची वेळ होती, लाईट चांगला होता. मोटार बराच वेळ चालली. प्रभावती घरी गेली, ऊन चढलं, आणि मग खट्ट. नर्मदाबाई पळत जाऊन सांगायला लागली तर प्रभावती म्हणाली, "मी व्हते तवा चालली का न्हाई? मी गेले आन् तुझी सावली पडली."

त्या दिवसापासून नर्मदाबाई आपल्याच बारीला विहिरीजवळ जाईनाशी झाली. बटण दाबायला कुणा सवाष्णीला विनवायची आणि आपण लांब पळसाच्या झाडाखाली, मोटारीकडं पाठ करून बसायची. मान वर करून चालणारी ती बाई. पाणी आपल्याला बघून माघारी जाऊ नये म्हणून तोंड फिरवून बसायची. तसं बसूनही मोटार तुटायचीच. मग ती समजायची, आज वारा माझ्याकडून तिकडं वाहत असंल.

शेवटी ती फाट्यावर धम्मानंदाच्या दुकानात गेली. धम्मानंद बौद्धवाड्यातला, जळालेल्या मोटारी भरून देण्यात हात बसलेला. ती पेटी त्यानंच बसवलेली. नर्मदाबाई दुकानाच्या पायरीवर बसली आणि खाली बघत म्हणाली, "धम्मानंद, रांडावल्या बाईच्या हाताला ही पेटी चालत नसंल तर तसं सांग. म्हंजी मी नाद सोडते."

तो आधी हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "काकू, पेटीला काय नाक-डोळे हायेत? चला, बघू."

त्यानं मेन स्विच पाडला, पेटीचं झाकण उघडलं आणि तिला आतलं दाखवलं. ही पट्टी. बटण दाबलं की ही खाली ओढली जाते आणि मोटार चालू. ही खालची काळी ती रिले. तापली की पट्टी सोडून देते. पट्टी वर, मोटार बंद. "लाईट मंद आसल्यावर तुटनारच, काकू. तुमच्या बारीला तुटती, त्यांच्याबी बारीला तुटायला पायजे."

"त्यांच्या बारीला न्हाई तुटत."

धम्मानंद वाकून आत बघत राहिला. पट्टीच्या कडेला बारीक खाच पडली होती आणि खाचेत तागाचे दोन-चार केस अडकले होते. त्यानं ते चिमटीत धरून उजेडाला नेले.

"काय हाय रे?"

"सुतळी. पट्टी कुनीतरी खाली आवळून बांधतंय. बांधली की रिले कितीबी तापू द्या, मोटार तुटत न्हाई. जळंस्तोवर चालती." त्यानं झाकण लावलं. "ह्या पेटीला तुमच्याशिवाय कोन हात लावतं?"

"भाऊजी."

"मग झालं." तो पाना-पक्कड पिशवीत भरायला लागला. "काकू, माझं नाव घेऊ नका. मोटारीला हात लावून बघा मातर. ही लय भाजलेली हाय आतून."

दुसऱ्या दिवशी गोविंदरावांची बारी होती. भर दुपारी, लाईट मंदावलेला असताना, मोटार घरघरत चालूच होती. नर्मदाबाई सरळ खोपटात गेली आणि काठीच्या टोकानं झाकण उघडलं. पट्टीवर सुतळी. चांगली दुपदरी, गाठ मारलेली. खोपटात मोटारीच्या तारेवरच्या तापलेल्या व्हार्निशचा उग्र वास भरला होता.

गोविंदराव उसातून आले. पाय पोटरीपर्यंत चिखलात माखलेले, हातात फावडं.

"भाऊजी, हे काय?"

"सुतळी."

"माह्या बारीला ती कामून नसती?"

गोविंदरावांनी फावडं टेकवलं. आवाज चढवला नाही. "तुझ्या बारीला मी सोडून ठेवतो. बापाचा नियम ठाऊक हाय ना? तुझ्या बारीत जळाली तर भरून कोन आनंल? बारी अर्धी झाली तर हळदीचं काय व्हईल? तुझ्याच भल्याचं हाय ते."

"आन् तुमच्या बारीत जळाली तर?"

"मी बसतो ना राखणीला. घडीघडी हात लावून बघतो."

"अक्का म्हनायच्या, माझी सावली पडती म्हनून."

गोविंदराव उसाकडं बघायला लागले. "बायकांच्या बोलन्यात मी कुठं पडतो?"

तिच्या भल्याचं आहे, हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. हाच त्यातला विखार. खोटं बोलणाऱ्याचा गळा धरता येतो. जो आपल्याला लुबाडतो आणि तेच आपलं राखणं आहे असं स्वतःला पटवून बसतो, त्याच्या गळ्याला हात कुठून घालायचा? नर्मदाबाई परत फिरली. पाणी हुकल्याचा राग तिला कमीच आला होता. पळसाखाली पाठ करून बसलेले सारे दिवस तिच्या अंगाला इंगळासारखे चटके देत होते.

पुढच्या बारीला तिनं कुणा सवाष्णीला बोलावलं नाही. पहाट फुटली तशी गोणीची सुतळी काढून मांडीवर वळली. मेन स्विच पाडला, झाकण उघडलं, पट्टी खाली दाबून सुतळी आवळली. मेन स्विच लावला.

त्या दिवशी मोटार तुटली नाही.

त्या दिवसाबद्दल सांगायला नर्मदाबाई आजही तयार नसते, पण शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायांनी ते पाहिलं आहे. पाणी दंडातून आलं, एकेक सरी भरत गेलं, जिथं कधी पोचत नव्हतं तिथं पोचलं. शेवटच्या सरीत भेगा पडलेली काळी माती पाणी पिताना बुडबुडे सोडत होती, आणि नर्मदाबाई लुगड्याचा काचा मारून त्या सरीत उभी होती. घोट्यापर्यंत पाणी. दुपारी सुरळी होणारी पानं संध्याकाळपर्यंत उघडली. बायांनी हाक मारली, "नर्मदाबाई, घरी जायचं न्हाई का?" ती म्हणाली, "जाते की. पाय निघंना झालाय."

लाईट गेल्यावर तिनं सुतळी सोडली आणि मोटारीवर तळहात ठेवला. तळहात ठेववेना.

दुसऱ्या दिवशी गोविंदरावांची बारी. गोविंदरावांनी नेहमीसारखी सुतळी बांधली. भरदुपारी खोपटातून निळा धूर निघाला.

संध्याकाळी गोविंदरावांच्या ओसरीवर भावकी बसली. भावकीतले सगळ्यात वडीलधारे आबाराव तक्क्याला टेकले होते. मोटार अंगणात आणून ठेवली होती. धम्मानंदाला ती न्यायला बोलावलं होतं, तो उंबऱ्याच्या बाहेर उभा. नर्मदाबाई दाराशी.

ती म्हणाली, "मामंजींचा नियम साधा हाय. मोटार कुनाच्या बारीत जळाली?"

"माह्या," गोविंदराव म्हणाले. "पन तापवली कुनी? काल हिच्या बारीत दिसभर चालली. कधी न्हाई ती. ईचारा हिला."

आबारावांनी देव्हाऱ्यातून बेलाचं पान आणि भंडारा आणायला सांगितलं. आमच्याकडं बेलभंडारा उचलून माणूस खोटं बोलत नाही. नर्मदाबाईच्या ओंजळीत बेलाचं पान ठेवलं आणि त्यावर पिवळा भंडारा टाकला.

"सांग. सुतळी बांधली व्हतीस?"

"बांधली व्हती. एक बारी."

ओसरीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. नर्मदाबाईनं ओंजळ तशीच पुढं धरली. "आता हा भंडारा भाऊजीच्या हातात द्या. त्यांनाबी ईचारा, किती बाऱ्या बांधली."

आबाराव खाकरले. "घरचा कर्ता हाय तो. त्याला उचलायला लावायचं म्हंजी घराची इज्जत उचलायला लावायची. शोभतं का?"

"मग माझी उचलली ती कुनाची व्हती?"

धम्मानंद दोन पावलं पुढं आला. "आबा, एका बारीत कॉईल एवढी काळी—"

"तुला मोटार न्यायला बोलावलंय," आबाराव म्हणाले. "ने."

धम्मानंदानं नर्मदाबाईकडं बघितलं नाही. मोटार उचलली, गड्याच्या मदतीनं टेम्पोत टाकली आणि गेला.

निवाडा झाला तो असा. दोष दोघांचा धरावा. मोटार दोघांत भरून आणावी, कुणाची बारी अर्धी होऊ नये. आणि बाईमाणसाच्या हाताला उद्या शॉक लागला तर भावकीला डाग, म्हणून पेटीला कुलूप घालून किल्ली गोविंदरावांकडं राहावी. नर्मदाबाईच्या बारीला तेच मोटार चालू करतील, तेच बंद करतील. सगळ्यांना निवाडा बरा वाटला. नर्मदाबाईवर दया केल्यासारखाही वाटला.

मोटार भरून यायला लागेल तो वेळ लागला. हळदीची शेवटची पानं पुन्हा मिटली, यावेळी रात्रीही उघडली नाहीत. नर्मदाबाई फाट्यावर गेली तेव्हा धम्मानंद तार गुंडाळीत बसला होता.

"बोलला आसतास पुरतं, तर?"

त्यानं हातातली तार थांबवली. "काकू, दुकानात बघा. ह्या तीन मोटारी. तिन्ही तुमच्या भावकीच्या."

"चौथीबी त्यांचीच हाय," नर्मदाबाई म्हणाली. "नीट भर."

मोटार बसली. पेटीला कुलूप लागलं. पहिल्या बारीला गोविंदराव आले, किल्ली लावली, मोटार चालू केली. दुपारी खट्ट झालं. ते उसात होते. नर्मदाबाई बांधावर बसून वाट बघत राहिली. ते आले, चालू केली, गेले. पुन्हा खट्ट. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "नर्मदे, मी एकटा मानूस. किती येरझाऱ्या घालू? त्यापेक्षा बटईनं दे. मग ते वावरबी माझंच समजून बघंन."

नर्मदाबाई बांधावरून उठली. घरी गेली, कुदळ आणली, आणि हळद खणायला लागली. पौष चालू होता, हळदीला अजून पुरतं वय नव्हतं. खालचे गड्डे बोटाएवढे, फिके, कच्चे. खुरपणाऱ्या बाया धावत आल्या. "येडी झालीस का? लेकरू पोटातून काढल्यावानी काढायलीस!" ती खणतच राहिली. निम्मी हळद बियाण्यालाही लागली नसती. तिनं सगळी काढली, पाल्याचा ढीग बांधाला लावला, आणि दिवेलागणीला गोविंदरावांच्या ओसरीसमोर येऊन उभी राहिली. पायरी चढली नाही.

"भाऊजी, आजपासून माझ्या बारीचं पानी तुमाला. किल्ली तुमची, मोटार तुमची, ईहीर तुमची. वावर माझं. त्यात तुमी पाऊल टाकायचं न्हाई, बटईनंबी न्हाई आन् मायेनंबी न्हाई."

प्रभावती आतून म्हणाली, "पान्यावाचून काय पिकवशील?"

"पिकंल ते खाईन."

तेव्हापासून तिथं करडी आहे. करडी पाऊस सरताना पेरायची, उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती येते. विहिरीचं तोंड बघत नाही. पण काटेरी पीक, आणि बागायती रानाचं जिरायती झालं म्हणजे घरातल्या भाकरीला कळतं. नर्मदाबाईनं म्हैस मोडली. माधवी वालूरहून येते, रडते, म्हणते, आई, वावर विकून माझ्याकडं चल. ती म्हणते, तुझ्या घरात मला कुठल्या बारीला बसवशील? लेकीला हे लागतं. नर्मदाबाईची जीभ आता आपल्या माणसालाही ओरबाडते. गावात तिच्याशी फार कुणी बोलत नाही. जे बोलतात ते म्हणतात, हट्टापायी बाईनं सोन्यासारखं पाणी घालवलं. गोविंदरावांच्या हाताला यश आहे असंही म्हणतात, कारण रोज पाणी मिळणारा ऊस डोक्याच्या वर गेला आहे.

यंदा फाल्गुनात ती करडी काढत होती. हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, तरी काटे आरपार. गोविंदराव बांधावर आले. आता तेही थकलेत, काठी टेकत चालतात. पाऊल मात्र त्यांनी बांधावरच ठेवलं.

"नर्मदे, उसाचं भागलंय. पानी वाया चाललंय. वळवू का तुझ्याकडं? कायबी न्हाई मागत."

तिनं वर बघितलं नाही. "करडीला पानी सोसत न्हाई, भाऊजी. उभळून मरती."

"मग दुसरं कायतरी लाव की. किती दिवस काटे उपसशील?"

"हात हायेत तंवर."

मागं मोटार घरघरत होती, एका सुरात, न तुटता. मग ते काठी टेकत परत गेले. तिच्या बांधाला लागून जाणाऱ्या दंडातलं पाणी उसाकडं वाहत राहिलं, आणि नर्मदाबाई करडीच्या पुढच्या ताटाला हात घालायच्या आधी दातानं तळहातातला काटा ओढून काढू लागली.